पाण्याने आखलेलं कोळशाचं गाव: एल्सेकरच्या खुणा कशा ओळखायच्या

विहीर खणताना पाणी लागलं की पेढे वाटतात. खाण खणताना लागलं की पोटात गोळा येतो. इंग्लंडमधल्या जुन्या कोळशाच्या गावांत फिरताना एवढं ध्यानात ठेवलं, तरी तिथल्या बऱ्याच खुणांचा अर्थ लागायला लागतो. गाव त्या जागी का वसलं, कालवा तिथपर्यंतच का आला, एक खाण कोळसा काढणं थांबवूनही पुढे कित्येक वर्षं चालू का ठेवली, ओढ्याचं पाणी आज नारिंगी का दिसतं, या सगळ्यांचं उत्तर जमिनीखालच्या पाण्याशी येऊन थांबतं.

उदाहरणाला दक्षिण यॉर्कशरमधलं एल्सेकर घेऊ. बार्न्सली शहराच्या आग्नेयेला काही किलोमीटरवरचं हे लहान गाव. जमीन, खाणी, लोखंडाचे कारखाने, कामगारांची घरं, सगळं जवळच्या वेंटवर्थ वुडहाउस या प्रचंड हवेलीत राहणाऱ्या अर्ल (उमराव) फिट्झविल्यम घराण्याचं. इथली शेवटची मोठी खाण, एल्सेकर मेन, १९८३ साली बंद झाली.

थर तिरका आहे, हे आधी समजून घ्या

पोळ्यांची चवड ताटात सपाट असते. ताटाची एक कड उचलली की चवड तिरकी होते आणि पोळ्यांच्या कडा एका बाजूला वर येतात. यॉर्कशरमधले कोळशाचे थर असेच आहेत. पश्चिमेला ते जमिनीवर डोकावतात आणि पूर्वेकडे खोल खोल जातात. इथला सर्वांत किमती थर म्हणजे ‘बार्न्सली’ थर, जाडी साधारण अडीच ते तीन मीटर. माणूस ताठ उभा राहून काम करू शकेल इतका जाड थर म्हणजे खाणमालकाची चैनच. इंग्लंडमध्ये इतरत्र गुडघ्यांवर बसून, कुशीवर पडून खणावं लागे असे थर कितीतरी होते.

या उतारामुळे दोन गोष्टी घडल्या. पश्चिमेकडच्या खाणी जुन्या आणि उथळ, पूर्वेकडच्या नव्या आणि खोल. आणि पाणी नेहमी उताराकडे जात असल्यामुळे, वरच्या जुन्या खाणी सोडून दिल्या की त्यांत साठणारं पाणी खालच्या नव्या खाणींच्या डोक्यावर टांगलेलं राहिलं.

सर्वांत जुन्या खुणा म्हणजे घंटाकृती खड्डे. माणूस उतरेल एवढीच, मीटर-दीड मीटर रुंदीची विहीर खणायची, थर लागला की चहूबाजूंनी पोखरत जायचं, छत खाली येईल असं वाटलं की सोडून द्यायची आणि काही पावलांवर दुसरी खणायची. उभा छेद घेतला तर आकार देवळातल्या घंटेसारखा दिसतो. एल्सेकरच्या पश्चिमेला टँकर्सलीच्या बाजूला लोहखनिजासाठी खणलेले असे खड्डे झाडीत आहेत. मधे खोलगट बशी आणि भोवती मातीचा कडं घातल्यासारखा उंचवटा, अशी खूण ओळीने दिसली की निसर्गाने केलेला खड्डा नव्हे हे नक्की.

पुढची पायरी निचऱ्याच्या बोगद्याची. दरीच्या उतारातून, थरापेक्षा थोड्या खालच्या पातळीवर, किंचित चढता बोगदा आत न्यायचा. पाणी आपोआप बाहेर वाहतं. इंधन लागत नाही, यंत्र लागत नाही. अडचण एकच: दरीच्या तळापेक्षा खालचं पाणी त्यातून निघत नाही. त्या पातळीखाली गेलं की उपसा करण्यावाचून मार्ग नाही. आधी घोडे लावून, आपल्याकडच्या मोटेसारख्या बादल्या ओढून पाणी काढत. ते पुरेनासं झालं तेव्हा इंजिन आलं.

ढकलणारी वाफ नव्हे, हवा

एल्सेकरला १७९५ साली बसवलेलं न्यूकोमेन पद्धतीचं (न्यूकोमेन हा इंग्रज शोधक) वाफेचं इंजिन आजही त्याच्या मूळ जागी, त्याच इमारतीत उभं आहे. या जातीचं, मूळ जागेवरून न हललेलं, जगात दुसरं इंजिन नाही. १९२३ पर्यंत ते रोज पाणी उपसत होतं. मग विजेचे पंप आले.

बहुतेकांना वाटतं की वाफ दट्ट्याला ढकलते. इथे तसं नाही. एक मोठी तुळई तराजूच्या दांडीसारखी मधोमध टेकवलेली आहे. एका टोकाला सिलिंडरमधला दट्ट्या लटकतो, दुसऱ्या टोकाला खाणविहिरीत उतरलेले पंपाचे जड दांडे. दांडे जड असल्यामुळे ते टोक आपसूक खाली जातं आणि दट्ट्या वर येतो. तो वर येताना सिलिंडरमध्ये वाफ शिरते, केवळ जागा भरण्यापुरती. मग वाफेची झडप बंद होते आणि सिलिंडरच्या आतच थंड पाण्याचा फवारा उडतो. वाफेचं क्षणात पाणी होतं, आत पोकळी तयार होते, आणि वरची मोकळी हवा दट्ट्याला दाबून खाली ढकलते. दुसरं टोक वर उचललं जातं, त्याबरोबर पाणीही. मिनिटाला जेमतेम काही वेळा हा झोका.

जोर किती? १८०१ साली इथे ४८ इंची, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर बसवला. त्याचं क्षेत्रफळ साधारण ११,७०० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब एक किलोच्या थोडा वर, म्हणजे हिशेबाने १२ टन. पण आत पूर्ण पोकळी कधीच होत नाही. अशा इंजिनांत निम्म्याच्या आसपास जोर हाती लागे. सहा टन धरले, तर कागदावर ३० मीटर उंचीचा आणि अर्धा मीटर व्यासाचा पाण्याचा स्तंभ उचलता येतो. घर्षण त्यातूनही आपला वाटा घेणारच.

पंप वर, इंजिनाशेजारीच का नाही बसवला? कारण पाणी शोषून वर घेण्याची मर्यादा सुमारे दहा मीटर. त्याहून खोल पाणी ओढता येत नाही, खालून उचलावं लागतं. म्हणून पंप विहिरीच्या तळाशी, आणि म्हणूनच ते लांबलचक जड दांडे.

बिघडायचं कुठे? दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट असायची, कारण एवढं मोठं भांडं आतून अगदी गोल करणं त्या काळी अवघड. फटीत चामडं किंवा ताग ठासत आणि दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवत, म्हणजे हवा आत घुसणार नाही. दुसरा उपद्रव छुपा. फवाऱ्याच्या पाण्यात विरघळलेली हवा दर झोक्याला सिलिंडरमध्ये सुटते. वाफेचं पाणी होतं, हवेचं होत नाही. ती साठत गेली की पोकळी होईनाशी होते आणि इंजिन दम लागल्यासारखं थांबतं. त्यासाठी एक छोटी झडप असे. वाफ आत येताना साठलेली हवा तिच्यातून सूं करून बाहेर पडे. पडसं झालेल्या माणसासारखा तो आवाज, आणि तिचं इंग्रजी नावही त्या आवाजावरूनच पडलं.

आता एक प्रश्न जाणकारसुद्धा विचारतात. जेम्स वॉटचं सुधारित इंजिन तोवर बाजारात होतं, निम्म्याहून अधिक कोळसा वाचवत होतं. न्यूकोमेन इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक टक्का कामाला लावत असे. मग १७९५ साली जुनं मॉडेल कशाला? उत्तर व्यापारी आहे. वॉटचं पेटंट १८०० पर्यंत होतं आणि वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्याच्या कंपनीला द्यावा लागे. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणीत कोळसा बोटीने यायचा, तिथे हा सौदा परवडे. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी मात्र बारीक चुरा पडलेला असतो, ज्याला गिऱ्हाईक नाही. तो जाळायला कंजूषपणा कशाला? मागासलेपणा वाटतो तो खरं तर साधा हिशेब होता.

एल्सेकरचं इंजिन आज पूर्ण दिसतं, पण इतरत्र फक्त पडकी इंजिनघरं उरलीत. ती ओळखणं सोपं आहे. इमारत उंच आणि अरुंद. चारपैकी एक भिंत इतर तिघींपेक्षा खूपच जाड, कारण तुळईचा सगळा भार तिच्यावर. त्या भिंतीच्या वरच्या अंगाला तुळई बाहेर काढण्याचं भगदाड. आणि त्या जाड भिंतीच्या समोर, काही पावलांवर, खाणविहीर असणारच, मग ती दिसो वा न दिसो. म्हणून त्या बाजूला गवतात उगाच पाय टाकू नये.

तुळई आधी लाकडी होती; १८३६ साली इथे ओतीव लोखंडाची बसवली. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. आधी वाकून इशारा देण्याची त्याची रीत नाही, एकदम तुटतं. नॉर्थम्बरलंडमधल्या हार्टली इथे १६ जानेवारी १८६२ रोजी नेमकं तेच झालं. पंपाच्या इंजिनाची तुळई मधोमध तुटली आणि सुमारे २० टनांचा अर्धा तुकडा विहिरीत कोसळला. खाणीला तेवढी एकच विहीर. २०४ माणसं आणि मुलगे गेले, बहुतेक जण खाली कोंडून, विषारी वायूने. त्याच वर्षी कायदा झाला: प्रत्येक खाणीला बाहेर पडायचे किमान दोन मार्ग हवेत. म्हणून नंतरच्या खाणीच्या जागी एक झाकलेली विहीर सापडली तर दुसरीही जवळच शोधावी.

कालवा, रूळ आणि भोकं पडलेले दगड

कोळसा खणणं हा अर्धाच धंदा. चिखलाच्या रस्त्याने गाडीतून नेला तर काही मैलांत त्याची किंमत दुप्पट व्हायची. डर्न अँड डव्ह कालव्याची एल्सेकर शाखा १७९८ साली सुरू झाली, सहा जलपाशांची, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या टाक्यांची. त्यातून बोटी डॉन नदीपर्यंत जात. जलपाशातून बोट उतरली की दर वेळी एक टाकीभर पाणी खाली जातं, म्हणून वरच्या टोकाला भरपाईचा तलाव हवा. तो तलाव आजही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे शेफील्डकडचे लोक सहलीला येऊ लागले आणि समुद्रापासून मैलोगणती दूर असलेलं हे गाव चक्क ‘एल्सेकर-बाय-द-सी’ म्हणून मिरवू लागलं!

कालव्याला मारलं ते त्यालाच पोसणाऱ्या खाणींनी. खालचा कोळसा काढला की वरची जमीन बसते. कालव्याचा तळ एका जागी खचला तर तिथे काठ उंच करावे लागतात, नाहीतर पाणी शेतात जातं. दुरुस्ती परवडेना आणि रेल्वेने माल पळवला. कालव्याचा काठ आसपासच्या जमिनीपेक्षा विनाकारण उंच दिसला, तर जमीन खाली गेली आहे असं समजा.

बार्न्सलीच्या पश्चिमेला सिल्कस्टोन गावात १८०९ सालच्या घोड्यांच्या रुळमार्गाची खूण पायवाटेवर दिसते. दोन समांतर ओळींत रोवलेले चौकोनी दगड, प्रत्येकाला भोक. भोकात लाकडी खुंटी ठोकायची आणि तिच्यात खिळा मारून रूळ पक्का करायचा. आडवे स्लीपर नाहीत, कारण मधून घोडा चालायचा. रूळ इंग्रजी ‘एल’ आकाराचे, ओतीव लोखंडाचे; कडा रुळाला, चाक साधं सपाट. त्यामुळे तीच गाडी रस्त्यावरही चाले. तोटा असा की त्या कोनात चिखल आणि कोळशाचा चुरा साठे, आणि ठिसूळ रूळ पटापट तुटत. पुढे मार्ग उखडले तेव्हा हे दगड लोकांनी भिंतींना वापरले. भोक पडलेला दगड कुठल्या बागेच्या कुंपणात दिसला तर तो बहुधा रुळाखालून आलेला.

घरांच्या ओळी

एल्सेकरची दगडी घरं धावतीच सांगतो, कारण ती बघूनच कळतात. ओल्ड रो, स्टेशन रो आणि १८३७ ची रिफॉर्म रो. एका कुटुंबाला चार खोल्या, कोठीघर, मागे अंगण, राखेचा खड्डा, डुकराचं खुराडं आणि बाग. त्या काळच्या मानाने ही मिजास होती. दुसऱ्या खाणगावांत विटांच्या दोन खोल्यांत कुटुंबं कोंबलेली असत. एकट्या खाणकामगारांसाठी १८५३ मध्ये बांधलेलं वसतिगृहही गावात आहे. मालक भला होता की कामगार टिकवायचा धोरणी होता, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खाणीतून कामावरून काढलं की घरही जायचं, हे मात्र विसरू नये.

कोळसा न काढणारी खाण

गावाच्या खालच्या बाजूला, कालव्याजवळ हेमिंगफील्डची खाण आहे. १८४० च्या दशकात खोदली. इथला थर वायूने भरलेला. १८५२ च्या डिसेंबरात स्फोटात दहा जण गेले. अर्लच्या खाणींचा व्यवस्थापक बेंजामिन बिरम याने बोगद्यातल्या हवेचा वेग मोजायचं एक फिरत्या पात्यांचं यंत्र बनवलं होतं. हवा किती वाहते ते आकड्यात कळलं तरच वायू साठतोय का हे सांगता येतं.

१९२० नंतर इथून कोळसा येणं थांबलं, पण विहिरी बुजवल्या नाहीत. पुढची सहा दशकं तिथे फक्त पंप चालले. सुरुवातीचा तिरका थर आठवा. वरच्या बाजूचं सगळं पाणी इथून उपसलं नाही, तर ते पूर्वेकडच्या खोल, चालू खाणींत उतरणार. म्हणून खाणमालकांनी मिळून या जागी पहारा ठेवला. काँक्रीटचा विहिरीवरचा मनोरा अजून उभा आहे आणि २०१४ पासून ही जागा हौशी मंडळींच्या ताब्यात आहे.

असा पहारा सुटला तर काय होतं ते वेकफील्डजवळच्या लॉफ्टहाउस खाणीत २१ मार्च १९७३ ला दिसलं. कामगार एकोणिसाव्या शतकातल्या, पाण्याने भरलेल्या जुन्या खोदकामाला जाऊन भिडले. सात जण गेले. खाण सोडताना नकाशा सरकारकडे द्यायची सक्ती १८७२ पासूनची. त्याआधीच्या विहिरींचा हिशेब अर्धवट.

आणि सिल्कस्टोन. ४ जुलै १८३८ ला तिथे ढगफुटीसारखा पाऊस झाला. पाण्याने बॉयलरची आग विझली, माणसं वर ओढणारं यंत्र बंद पडलं. खाली अडकलेली काही मुलं नॅब्स वुड या रानातल्या तिरप्या बोगद्याने वर निघाली. ओढा फुटला आणि लोंढा त्याच बोगद्यात शिरला. मागे हवा अडवणारं दार होतं. पाण्याच्या दाबाने ते उघडेना. ७ ते १७ वयाची २६ मुलंमुली बुडाली. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला बंदी झाली. चर्चच्या आवारातलं त्यांचं स्मारक हा रुळाच्या दगडांपासून थोड्याच अंतराचा टप्पा आहे.

हिरवे डोंगर आणि काँक्रीटची झाकणं

कोळशाबरोबर वर आलेला टाकाऊ दगड जवळच रचत. (चंद्रपूर-वणीकडचे ‘ओबी’चे, म्हणजे ओव्हरबर्डनचे, डोंगर वेगळे, ते उघड्या खदानीत कोळशावरून काढलेली माती असतात.) या ढिगांत उरलेला कोळसा हवेने आपोआप पेटे आणि वर्षानुवर्षं आतून धुमसे, करडा दगड भाजून विटेसारखा लाल होई. गावच्या पायवाटा लालसर दिसतात त्या बऱ्याचदा याच दगडाच्या. आज हे ढीग टोकदार दिसत नाहीत, गोल आणि गवताळ दिसतात, त्यामागे वेल्समधलं अबरफान आहे. २१ ऑक्टोबर १९६६ ला तिथला झऱ्यावर रचलेला ढीग पाणी पिऊन घसरला आणि शाळेवर आला. १४४ गेले, त्यांत ११६ मुलं. मग १९६९ चा कायदा आला आणि ठिकठिकाणचे ढीग उतरवून, सपाट करून, निचरा काढून झाडं लावली. ठरावीक अंतरावर लावलेली एकाच वयाची बर्च झाडं असलेली टेकडी म्हणजे बहुधा असाच ढीग.

खाणविहिरींची नोंद ब्रिटनमध्ये १,७०,००० हून अधिक आहे. पूर्वी विहीर बुजवायची म्हणजे मधे लाकडी फळ्यांचा माळा टाकायचा आणि वर दगडमाती लोटायची. खालचा भाग पोकळच. लाकूड कुजलं की वरचं सगळं एकदम खाली जातं, कधी शंभर वर्षांनी. म्हणून आता पक्क्या खडकावर टेकलेलं, विहिरीच्या व्यासाच्या किमान दुप्पट रुंदीचं सळ्यांचं काँक्रीटचं झाकण टाकतात. त्यात एक नळी ठेवतात. हवेचा दाब उतरला, म्हणजे वादळी हवेच्या आधी, की खाण आतली हवा सोडते. तिच्यात मिथेन असू शकतो किंवा प्राणवायू जवळजवळ नसलेली हवा. नळीला तोंड लावून बघू नये आणि जुन्या बोगद्यात डोकं घालू नये, एवढं पुरे.

जागा शोधायची असेल तर एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश सर्वेक्षणाचे नकाशे बघावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात आणि आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. त्यावर ‘जुना खड्डा’, ‘हवेची विहीर’, ‘इंजिन’ असे शब्द शोधायचे, आधी सर्वांत जुनी आवृत्ती, मग पुढच्या. पहिल्या आवृत्तीत ‘खाण’ आणि दुसरीत ‘जुनी विहीर’ असेल तर बंद पडण्याचा काळ त्या दोन तारखांमध्ये. त्या भागात घर घेणारेही खाणींचा अहवाल मागवूनच व्यवहार करतात.

नारिंगी ओढा

पंप बंद झाले की खाण पुन्हा पाण्याने भरते. कोळशाजवळच्या दगडात लोह आणि गंधक यांचं खनिज असतं. खाण कोरडी असताना त्याला हवा लागते आणि विरघळणारे क्षार तयार होतात. पाणी चढलं की ते क्षार विरघळतात. जमिनीखाली हे पाणी स्वच्छ दिसतं. बाहेर येऊन हवा लागली की लोहाचा गंज होऊन तळाशी बसतो. आपण तुळशीवृंदावन सारवतो तो गेरू, साधारण तोच पदार्थ. रंग सुंदर, पण ओढ्यातल्या दगडांवर त्याचं कातडं बसलं की किडे जगत नाहीत, तिथे मासे कुठून येणार.

उपाय साधा आहे. पाणी पायऱ्यांवरून खेळवत खाली सोडायचं म्हणजे हवा मिसळते, मग तळ्यात निवांत ठेवायचं म्हणजे गेरू बसतो, शेवटी बोरूच्या पाणवनातून गाळून सोडायचं. पेनिस्टनजवळ डॉन नदीच्या काठी बुलहाउस इथे असं काम आहे, आणि ब्रिटनभर अशी सुमारे ऐंशी. पायऱ्या कमी पडल्या तर लोह विरघळलेलंच राहतं. तळं वेळेवर उपसलं नाही तर गाळाने भरून पाणी न थांबताच निघून जातं.

तेच पाणी बाराही महिने कोमट असतं. इंग्लंडच्या ईशान्येला गेट्सहेड इथे २०२३ पासून खाणीतलं सुमारे १५ अंशांचं पाणी वर घेऊन, उष्णता-पंपाने त्यातली ऊब काढून इमारतींना देतात आणि पाणी परत खाली सोडतात. यात सर्वांत जपावं लागतं ते एकच: वर येऊन परत जाईपर्यंत त्या पाण्याला हवा लागू द्यायची नाही, नाहीतर नळ्यांत तोच गेरू साचून सगळं तुंबतं.